पिंजणाची बोली

सोनाळ्याच्या बाजारात एक भाजीवाला मले पाहून बाजूच्याले म्हणे, "लिलाववाली बुडी आली, हिच्याशी भावात पडू नको." मले हासू आलं. साऱ्या उमरीत मी सोता एकही बोली लावली नाही. माह्यं काम वेगळं. गावोगावच्या घरून वस्तू आणायच्या, झटकायच्या, पुसायच्या, कुठी चीर असन, डाग असन तं पाहून सांगायचं, अन् विकल्या गेल्या का बांधून रवाना करायच्या. फोटो काढणं, मोबाईलवर टाकणं, आकड्याकडे ध्यान ठेवणं, हे आमच्या मनीषाताईचं काम. संस्था तिचीच. मी तिथी आधी पोळ्या लाटाले लागली होती. पोळ्या अजूनही लाटते.

आमची संस्था म्हणजे वरवट बकालच्या अलीकडे पोरीयचं वसतिगृह. आमच्या भागात कापूस फुटला का मायबाप सकाळीच शेतात जातात. घरी लहान लेकरू असलं तं मोठी पोरगी शाळा सोडून त्याले सांभाळते. थोडी उंच झाली का तिच्याच कमरेले वेचणीची झोळी बांधतात. मी चौथीतून अशीच सुटली ते परत शाळेत गेली नाही. पुढचं काही सांगत बसत नाही. नवरा गेला, एक लेकरू गेलं, वावर दिरानं वाहायले घेतलं. ज्याचं त्याले माहीत. मनीषाताई गावात आली अन् म्हणे, अशा पोरीयसाठी राहाची-जेवाची सोय करून राह्यली, स्वयंपाकाले कोणी पाह्यजे. मी उठली अन् गेली.

पोरी राह्यल्या म्हणजे खर्च आला. सरकारचं कधी येये, कधी अडकून राहे. मनीषाताई शहरात जाऊन लोकायपुढे हात पसरे, ते तिले जड जाये. मंग तिनं हा मोबाईलवरचा लिलाव काढला.

तो कसा असते ते सांगते, कारण आमच्या गावातही लोकायले अर्धंच समजलं होतं, अन् त्या अर्ध्यातूनच पुढचं सारं झालं. वस्तूचा फोटो टाकतात. खाली लिहितात काय हाय, कोणी बनवली, काही खोट हाय का. सुरुवातीचा भाव टाकतात, अन् कोणत्या दिवशी कितीले बंद होईन तेही. मंग पुण्यात, नागपुरात, अमेरिकेत बसलेला माणूस आपला आकडा टाकते. दुसरा त्याच्यावर टाकते. कोणाचं तोंड कोणाले दिसत नाही. नावंही खरी नसतात, एकानं आपलं नाव नुसतं 'वाघ' ठेवलं होतं. वेळ संपली का ज्याचा आकडा वर, त्याची वस्तू. पैसा संस्थेले येते. ढोल नाही, आरडाओरड नाही, चहासुद्धा नाही. मले पहिल्यांदा ते लय बेचव वाटलं.

पण माणसं तीच असतात, तोंड दिसो का न दिसो. एक जण जिंकून मंग फोनवर भाव करे, "आजी, थोडं कमी करा ना." मी म्हणे, बापा, तुह्याच तोंडानं वाढवलं, आता तुह्याच तोंडानं कमी करतं का? अमेरिकेतल्या एका बाईनं दगडी जातं जिंकलं. फोटोत ते लहान दिसलं असन. वजन सांगितलं तवा ती घाबरली, अन् म्हणे तुमच्याच पोरीयले दळाले ठेवा. ते जातं अजून आमच्या सैपाकघरात हाय.

अन् सखूबाईची गोधडी. सखूबाई आमच्या गावची, तिनं आपल्या निळ्या लुगड्याचे काठ लावून गोधडी शिवून देल्ली. दोन गिऱ्हाईकं अशी पेटली का मनीषाताई खुर्चीवरून उठून उभी राह्यली. एक तो 'वाघ', दुसऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरायचं. हा टाके का तो टाके. लिलाव संपल्यावर पैसे भराले खरी नावं आली तं दोघंही सखूबाईचेच पोरं. एक पुण्याकडे कारखान्यात, एक सुरतेले. वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडण झालं तवापासून दोघं बोलत नव्हते. दोघायनंही मायच्या लुगड्याचे काठ ओळखले होते. मी जाऊन सखूबाईले सांगितलं तं ती कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत राह्यली. मंग म्हणे, "मले सांगितलं असतं तं दोघायले एक-एक फुकट शिवून देली असती. पण सांगते कोण."

अशा गमती व्हत. पण मले सांगायचं हाय ते पिंजणाचं.

त्या सालात गुलाबी अळी आली होती. बीटीचं बियाणं पहिल्यांदा आलं तवा दुकानदार छाती ठोकून सांगे, आता अळी विसरा. काही सालं कापूस खरंच असा फुटला का वेचून हात दुखत. घरोघरी मोटरसायकली आल्या. मंग पानं लाल करणारा लाल्या रोग आला, मंग ही अळी. बोंड वरून चांगलं दिसे अन् फोडलं का आतून पोखरलेलं. वेचाले जा तं पांढऱ्या कापसाऐवजी हाती कवडी येये, म्हणजे पिवळी पडलेली, चिकटलेली बोंडं. व्यापारी तिच्याकडे पाहेसुद्धा नाही. अशा सालात सगळ्यात आधी घाव पडते तो पोरीच्या शाळेवर. आमच्याकडे पोरीयची गर्दी झाली. अन् त्याच उन्हाळ्यात वावधान सुटलं, झोपायच्या खोलीची टिनं उडून गेली. एक टिन अर्धा कोस दूर कोणाच्या विहिरीत सापडलं.

पोरी व्हरांड्यात झोपत. पावसाळा कसातरी निघाला असता, पण दिवाळीनंतर वेचणी सुरू होते. तवापावतर स्लॅबची खोली झाली नाही तं अर्ध्या पोरी घरी पाठवा लागतीन, हे मनीषाताईनं आम्हाले बसवून सांगितलं. घरी म्हणजे शेतात. एकदा शेतात गेली का पोरगी परत येत नाही, हे मले कोणी सांगाची गरज नव्हती.

ताई म्हणे, या खेपेले मोठा लिलाव करू. शहरातले लोक जुन्या वस्तूले लय पैसे देतात. घरात पडून असन ते आणा.

मी गावात फिरली. कोणी पाण्याचा पितळी गुंड देल्ला, कोणी धान मोजायची पायली. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी जैतून आपल्या गेलेल्या नवऱ्याचं पिंजण खांद्यावर घेऊन वसतिगृहात आली.

जैतून म्हणजे जैतूनबी, गफूरभाऊ पिंजाऱ्याची बायको. तिचं माह्यं लग्न एकाच सालातलं, घरं एका गल्लीतली. पिंजण ज्यायनं पाह्यलं नाही त्यायच्यासाठी सांगते. ते कापूस पिंजायचं धनुष्य असते. माणसाएवढं लांब लाकूड, एका टोकाले रुंद फळी, अन् या टोकापासून त्या टोकापावतर ताणलेली आतड्याची तात. ते वरून टांगायचं, लाकडी ठोकळ्यानं तातेवर मारायचं. तात थरथरते अन् दबून गोळा झालेला कापूस उडून धुक्यासारखा मोकळा होते. थंडीच्या तोंडावर गफूरभाऊ गल्लीनं तात वाजवत हिंडे. आवाज आला का बाया गाद्या बाहेर काढत. पुढे मशीन आली, मंग फोमच्या गाद्या आल्या. गफूरभाऊ लोकायच्या शेतात फवाराले जाऊ लागला. छातीच्या दुखण्यानं गेला.

त्याचं पिंजण गावात प्रसिद्ध होतं ते दुसऱ्या कारणानं. आमच्या गावात बोलीची रीत जुनी. मारुतीच्या भंडाऱ्यात बोली लागे, दर्ग्याच्या उरुसात लागे, अन् दोन्हीकडे सारं गाव बोले. नारळाची, लाडवाची बोली असली तं जिंकणारा घेऊन जाये. पण कोणी आपल्या घरची मानाची वस्तू ठेवली, बैलाची घागरमाळ म्हणा, चांदीचं कडं म्हणा, तं जिंकणारा पैसे देवाच्या कामाले देये, वस्तू एक रात आपल्या घरी ठेवे, अन् सकाळी हळदकुंकू लावून नाहीतं वर शिरणी ठेवून मालकाच्या घरी आणून देये. बोली मानाची असे. गफूरभाऊ दर उरुसाले आपलं पिंजण ठेवे. जिनिंगवाले शेट जिंकत, कधी पाटील जिंके. अन् दुसऱ्या दिवशी पिंजण रेवड्याच्या पुड्यासकट घरी येये. गफूरभाऊ दारात टोपी घालून उभा राहे.

तं जैतून ते घेऊन आली अन् भिंतीले टेकवलं.

"हे टाक तुह्या मोबाईलवर."

मी म्हटलं, "गफूरभाऊचं?"

"मंग कोणाचं? दर साली जाये, दर साली येये. तो गेल्यापासून कुठी गेलं नाही. बसून बसून लाकूडही आळशी होते."

"पुण्याले जाईन हो ते."

"जाऊ दे ना. गफूर अकोल्याच्या पुढे कधी गेला नाही. त्याचं पिंजण तरी पुणे पाहून येईन."

तिची नात नाझिया आमच्याच वसतिगृहात होती, आठवीत. तिची माय म्हणजे जैतूनची सून, लोकायचा कापूस वेचे. खोली झाली नाही तं नाझियाचंही नाव घरी जाणाऱ्या पोरीयत होतं. मनीषाताईनं विचारलं, चाची, खुशीनं देऊन राह्यल्या ना? जैतून म्हणे, हाव, खुशीनं. ताईनं फोटो काढला. पिंजणाबद्दल काय लिहायचं ते जैतूननं सांगितलं अन् नाझियानं लिहून घेतलं.

लिलाव संध्याकाळी पाचले बंद होणार होता. पोरी शाळेतून आल्या त्या दप्तरं टाकून सैपाकघरातच घुसल्या, कारण मोबाईलले रेंज तिथल्या खिडकीतच भेटे. पायली गेली, गुंड गेला, बऱ्या भावानं गेले. पिंजणावर आकडा चढत राह्यला. शेवटी तिघं उरले, मंग दोघं. नाझिया आकडा मोठ्यानं वाचे अन् दरवेळी पोरी "अजून" म्हणत. माह्या कढईतली डाळ खाली लागली, मले वास आला, पण मी उठली नाही. वेळ संपली तवा पुण्याचे एक दातार साहेब जिंकले होते. ताईनं हिशोब केला अन् म्हणे, एवढ्या पैशात स्लॅब पडते. पिंजण नसतं तं पडला नसता.

पोरी नाचू लागल्या. जैतूननं पदराच्या गाठीतून पुडा काढला. त्यात रेवड्या होत्या.

ती म्हणे, "हे साहेबासाठी ठेवते. ते पिंजण घेऊन येतीन तवा आपलंही काही असलं पाह्यजे. ताई, किती दिवसानं पाठवतीन ते? उरुसाच्या आत आलं तं बरं होईन."

मनीषाताईनं मोबाईल खाली ठेवला. तिचं तोंड पाहून पोरीयचं नाचणं थांबलं. मंग ती हळूच म्हणे, "चाची, ते परत येत नाही. ते त्यांचं झालं."

तुमाले वाटन, गोदाबाई, तुमाले तरी समजाले पाह्यजे होतं. गोधड्या, लोणच्याच्या बरण्या मीच बांधून धाडल्या होत्या, त्या थोड्याच परत येत. पण त्या विकाले म्हणूनच केलेल्या. नारळासारख्या. पिंजण मानाची वस्तू. तिची बोली म्हणजे जाणं अन् येणं, हे आमच्या डोक्यात इतकं बसलेलं का विचारावं असं वाटलंच नाही. अन् ताईचं असं का लिलावात गेलेली वस्तू गेली, हे सांगाची गोष्ट हाय असं तिले वाटलं नाही. तिची काही चूक नव्हती, आमचीही नव्हती.

ताईचे डोळे भरले. ती म्हणे, मी त्यांना कळवते, पैसे परत करते, पिंजण राहू दे. जैतून म्हणे, "थांब जरा." अन् रेवड्या पोरीयले न वाटता, पुडा तसाच गाठीत बांधून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेली. ती चुलीपुढे बसली होती. मी ठरवूनच गेलती. म्हटलं, "मी फोन करते त्या साहेबाले. आपल्याइकडची रीत सांगते. शिकलेला माणूस हाय, समजन त्याले. पैसे देवाच्या कामाले गेले, वस्तू परत देईन."

ती म्हणे, "गोदे, उरुसात कोणी जिंकणाऱ्याच्या दारात गेलं का कवा, माह्यं परत दे म्हणून?"

"नाही."

"तो आपल्या मनानं आणून देये. त्यात त्याचा मान होता अन् आपला बी. मांगून आणलं तं ती खैरात झाली. गफूरचं पिंजण खैरातीत घरी येणार नाही."

"अन् त्यानं आपल्या मनानं पाठवलं नाही तं?"

"त्याची मर्जी. बोली झाली. तू बांधाची तयारी कर."

ती रडली नाही. मीही नाही. चहा झाला तो पेला अन् मी उठली. दारातून मागे पाह्यलं तं ज्या खिळ्याले पिंजण टांगलेलं राहे, त्या खिळ्याले तिनं लसणाची जुडी बांधली होती.

तवापासून मी कोणाच्या घरची जुनी वस्तू हाती घेण्याआधी दारातच सांगते, गेली तं गेली, परत येणार नाही. त्याच हप्त्यात दोघी जणी येऊन आपल्या, अजून लिलावात न गेलेल्या वस्तू वापस घेऊन गेल्या. बरोबरच केलं त्यायनं. बाकीच्या बायायनं ऐकलं अन् तरी देल्या.

आता बांधाचं. काचेचं, मातीचं, लोणच्याचं तेल, सारं मी नीट पोचवलं होतं, पण पिंजण कशात मावेना. शेगावच्या कुरिअरवाल्यानं फूटपट्टी लावली अन् मान हालवली, म्हणे एवढं लांब घेत नाही. एसटीच्या पार्सलवाल्यानं बसच्या टपाकडे पाह्यलं अन् माह्याकडे पाह्यलं. मनीषाताईनं दातार साहेबाले फोन लावला, मलेही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

साहेबाचं बोलणं गोड होतं. म्हणे, "अहो, एवढंच ना? मग मधोमध कापून दोन तुकडे पाठवा. मला दिवाणखान्यात भिंतीवर लावायचंय. इथे सुतार सांधून देईल, पॉलिश मारलं की कळणारही नाही."

ताईनं माह्याकडे पाह्यलं. तिलेही काय बोलावं समजेना, गिऱ्हाईक मोठं होतं, पैसे आलेले होते अन् त्या पैशाची गिट्टी अंगणात येऊन पडली होती. मी तिच्या हातून मोबाईल घेतला.

"साहेब, मी वस्तू बांधणारी बाई बोलून राह्यली. पिंजण तुमचं झालं, त्यात वाद नाही. पण कापून भेटणार नाही."

"का हो? मी पैसे भरलेत."

"भरले म्हणूनच. तुमी पिंजण घेतलं. कापलं का पिंजण राहत नाही, दोन लाकडं होतात. लाकडं आम्ही लिलावात टाकली नव्हती."

मले वाटलं, आता फोन ठेवतीन अन् पैसे परत मांगतीन. ताई नखं खाऊन राह्यली होती. माह्या तोंडावर आलं होतं का सांगावं, साहेब, ही रांडमुंड बाईची एकच वस्तू हाय, ठेवून द्या तिच्याजवळ. जैतूनचं बोलणं आठवलं अन् मी ते गिळलं.

मंग साहेब हासले. "बरोबर आहे तुमचं. मग कसं करूया?"

"घ्याले या. शेगावले दर्शनाले येताच ना तुमी लोक? तिथून आमचं गाव लांब नाही. जेवाले घालीन."

"आई कधीची मागे लागलीये शेगावसाठी," ते म्हणाले. "दिवाळी झाली की येतो."

असे दोन महिने पिंजण वसतिगृहातच राह्यलं, धान्याच्या खोलीत, माह्या नजरेखाली. जैतून मधून मधून येये. लाकडाले तेल लावे. तात सैल पडली होती, ती तिनं कुठून तरी नवीन आणून ताणली. मी म्हटलं, भिंतीवरच लागणार हाय, कशाले मेहनत करतं? ती म्हणे, गफूरनं कधी ढिल्या तातेचं पिंजण उरुसात ठेवलं होतं का?

स्लॅब दिवाळीच्या आधी पडला. वेचणी सुरू झाली तवा साऱ्या पोरी नव्या खोलीत झोपत होत्या, नाझिया खिडकीजवळ. त्या साली एकही पोरगी घरी पाठवली नाही. मी किती काम केलं, किती पोळ्या लाटल्या हे मले कोणी विचारलं तं सांगता येत नाही, पण हे सांगता येते.

दातार साहेब आले ते आपल्या मायले अन् बायकोले घेऊन. गाडीच्या टपावर पिंजण बांधाले दोऱ्या, गादीचे तुकडे, सारं आणलं होतं. मी भाकर, वांग्याची भाजी अन् ठेचा केला होता. साहेबाले ठेचा झोंबला, पण त्यायनं दुसऱ्यांदा मांगून घेतला. जेवणं झाल्यावर त्यायची माय म्हणे, "हे चालतं तरी कसं? आमच्या लहानपणी पिंजारी यायचा, पण आम्हाला पोरींना जवळ जाऊ देत नसत."

जैतून उठली. पिंजाऱ्याच्या घरात पिंजण पुरुष चालवत, बाया कापूस साफ करत अन् गाद्या भरत. मी तिले कधी तात वाजवताना पाह्यलं नव्हतं. नव्या खोलीच्या स्लॅबात मिस्तरीनं एक कडी सोडली होती. तिनं नाझियाले स्टुलावर चढवून त्या कडीले दोर बांधाले लावला अन् पिंजण टांगलं. कापूस म्हणून अळीच्या शेतातली कवडी होती, बाजारात कोणी न घेतलेली. पोरीयनं तिची सरकी हातानं काढून ठेवली होती, उशा भराले. जैतूननं तो पिवळा, दबलेला ढीग तातेखाली घेतला, पदर खोचला अन् ठोकळा मारला.

आवाज साऱ्या खोलीत घुमला. शेजारच्या घरातून बाया आल्या, किती वर्षांनी तो आवाज ऐकला म्हणत. पहिले दोन-तीन घाव चुकले. मंग तिचा हात बसला. कचरा खाली झडू लागला, कापूस वर उडू लागला. पिवळा होता तो मोकळा झाल्यावर पांढरा दिसे. पोरी भोवती बसल्या होत्या त्या सगळ्या कापसानं भरल्या. साहेबानं एक घाव मारून पाह्यला तं तात त्यायच्या बोटाले लागली, अन् त्यायची माय पोरीयपेक्षाही जास्त हासली. मले वाटलं, आता म्हणतीन. आता आपल्या मनानं म्हणतीन का हे इथीच राहू द्या. मी जैतूनकडे पाह्यलं नाही.

साहेब त्या पिंजणावरून हात फिरवत राह्यले. मंग म्हणाले, "मी फोटोत पाहिलं तेव्हा शोभेची वस्तू वाटली होती. आता भिंतीवर नाही लावणार. छताला टांगून ठेवीन, असंच. मला शिकवाल का तात कशी लावायची ते?"

जैतूननं शिकवलं. पावसात सैल होते, उन्हात तटते, हात लावून पाहत जाजा. साहेबानं तीनदा विचारून घेतलं. मंग दोघायनं मिळून ते उतरवलं, गादीच्या तुकड्यायत गुंडाळलं अन् टपावर बांधलं. जैतूननं प्रत्येक गाठ ओढून पाह्यली, एक सोडून परत बांधली. पदरातून रेवड्याचा पुडा काढून साहेबाच्या हातावर ठेवला. त्यायच्या बायकोनं विचारलं, एवढी जुनी वस्तू, द्यावीशी कशी वाटली तुम्हाला? जैतून म्हणे, "नात शिकून राह्यली इथी."

गाडीत बसताना साहेब खिडकीतून म्हणाले, "चाची, खाली एक पाटी लावणार आहे. काय लिहू? तुमच्या मिस्टरांचं नाव, गाव…"

"नाव लिहा. गफूर पिंजारी. गाव लिहा." तिनं जरा दम घेतला. "अन् हे लिहा का मांगून नेलं नाही, कोणी दया म्हणून देलं नाही. भर लिलावात साऱ्यायच्या वर बोली लावून नेलं."

"लिहितो," ते म्हणाले.

गाडी रस्त्याले लागेपावतर आम्ही दोघी फाटकात उभ्या होतो. टपावर बांधलेलं पिंजण वळणावर झाडाआड गेलं. मी म्हटलं, चल, चहा ठेवते. ती आत आली, नव्या खोलीत भिंतीले टेकून बसली, नाझियाले पुढ्यात ओढलं अन् तिच्या केसातला कापूस वेचू लागली. मंग दुसरी पोरगी येऊन बसली, मंग तिसरी. संध्याकाळपावतर ती तेच करत होती.